हळू बोलण्याची सोय

कानवाले साहेब माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. समोर तहसीलदार येवो की मासळीवाली येवो, त्यांची नजर आधी डाव्या कानावर जायची, मग उजव्या कानावर, आणि वेळ उरला तर चेहऱ्यावर. त्यामुळे त्यांना नावं आठवत नसत, चेहरे आठवत नसत, पण कान पक्के आठवत. एकदा पेणच्या बाजारात माझ्याबरोबर चालताना ते म्हणाले, "धर्माशेठ, तो पुढे टोपीवाला चाललाय ना, तो तुमचा भाऊ आहे."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही त्याला कधी बघितलंच नाय."

"त्याला नाही बघितलं, तुमचा कान बघितलाय. पाळी गालाला चिकटलेली, वरची कड जरा मुडपलेली. दोघे एकाच साच्यातले आहात."

तो माझा थोरला भाऊच होता. मी तेव्हा त्याच्याशी बोलत नव्हतो, म्हणून मुद्दाम मागे राहून चाललो होतो.

मी पेणचा साचेवाला. आमच्या गावात गणपती होतात हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण गणपती ज्या रबरी साच्यातून निघतो तो साचा कोण करतो, हे कोणी विचारत नाही. तो मी करतो. रामवाडीला हायवेच्या बाजूला माझी शेड आहे. साचे करून देतो आणि साच्याचं रबरही विकतो. सुरुवात केली ती खारेपाटातल्या मिठागरावर, डोक्यावर मिठाची टोपली घेऊन. तिथून इथपर्यंत कोणाचं बोट धरून आलो नाही. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन रद्दीच्या कागदांवर झालं. सुटली म्हणजे सोडवली गेली. घरात दोन मुलगे. थोरल्या मधूला आयनं शाळेत ठेवलं आणि मला मिठागरावर नेलं. मधू मॅट्रिक झाला, रोह्याला कंपनीत क्लार्क लागला, पंख्याखाली बसला. मी उन्हात राहिलो. ही गोष्ट मी तीस वर्षं मनातून जाऊ दिली नव्हती, आणि जाऊ द्यायचा विचारही नव्हता.

तिचा राग मी शिकलेल्या माणसांवर काढायचो. गिऱ्हाईक शिकलेलं दिसलं की भाव चढा सांगायचा, हा माझा नियम होता. माझी बायको सुलभा माल मोजून द्यायला बसायची, तिला मी फक्त डोळ्यानं खूण करायचो. साहेब पहिल्यांदा शेडवर आले तेव्हा मात्र खुणेची गरजच वाटली नाही. पांढरा शर्ट, खिशात काडेपेटीएवढी डबी, डबीतून निघालेली वायर कानात. मी त्यांच्या समोरच सुलभाला म्हटलं, "शिकलेला हाय आणि बहिरा हाय. दुप्पट सांग."

साहेब माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "दुप्पट चालेल. पण रबर ताजं द्या, शिळं घट्ट होत नाही."

सुलभा आत निघून गेली. तिचं हसू मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मी विचारलं, "तुम्हाला ऐकू येतं?"

"उत्तम येतं. ही यंत्रं मी बनवतो. लोकांना दिवसभर घालायला सांगायची, तर आधी आपण घालून फिरावं ना. आज सकाळपासून फार ऐकलंय मी. पॅसेंजरमध्ये दोन बायका एका सुनेबद्दल बोलत होत्या, नागोठण्याला उतरल्या, गोष्ट अर्धीच राहिली."

मला खरा राग आला तो पुढे. ते दुप्पट द्यायला तयार होते. घासाघीस नाही, तोंड वाकडं करणं नाही, जायला निघून परत येणं नाही. समोरच्यानं सरळ हो म्हटलं की माझा दिवस वाया जातो. मी चिडून भाव कमी केला. ते म्हणाले, "राहू द्या, दुप्पटच घ्या." मी आणखी कमी केला. शेवटी मी जवळजवळ खरेदीच्या भावात रबर दिलं, आणि साहेब गेल्यावर सुलभा म्हणाली, "लग्नानंतर पयल्यांदा तुम्हाला हरताना बघितलं."

साहेब मूळचे रोह्याचे, मेकॅनिकल इंजिनीअर. बरीच वर्षं मुंबईत एका कंपनीत ऐकण्याची यंत्रं आखण्याचं काम करत होते. मी त्यांना म्हटलं होतं, असल्या यंत्रात तर सगळा विजेचा खेळ, त्यात तुमचं लोखंडातलं शिक्षण काय कामाचं? ते म्हणाले, "विजेचं डोकं दुसऱ्या कोणाचं. अंग माझं. डबी, झाकण, बिजागरी, बटण, कानात बसतो तो तुकडा. यंत्राला डोकं कितीही असलं, तरी माणूस ते अंगासाठी टाकून देतो. टोचतं म्हणून टाकतो, खरखरतं म्हणून टाकतो, लाज वाटते म्हणून टाकतो." मुंबई सोडून ते रोह्याला परत आले आणि घराच्या मागच्या खोलीत एक छोटं लेथ मशीन टाकून बसले. कंपन्यांची कामं तिथूनच करायचे. कानांखेरीजही बरंच केलं त्यांनी. बाळंतपणात वीज गेली तर मुलाच्या नाकातोंडातलं पाणी ओढायला पायानं चालणारा पंप केला. तो मी बघितला आहे. "नर्सचे दोन्ही हात मुलात गुंतलेले असतात," ते म्हणायचे, "तिसरा हात म्हणून देवानं पाय दिलेत." पंप चालवून दाखवताना ते शिलाई मशीनवर बसल्यासारखे दिसत, आणि कौतुक करायला गेलं की आधी त्यातल्या चुका सांगत.

काहीही बिघडलं की ते बिघडलेल्या वस्तूकडे न जाता माणसाकडे जायचे. निडीचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांचं यंत्र दर पावसाळ्यात बंद पडायचं. कंपनीनं दोनदा नवीन दिलं, दोन्ही बंद पडली. पत्र आलं, की गिऱ्हाईक यंत्र पाण्यात भिजवतं. साहेब निडीला उतरले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या काकांबरोबर दिवसभर लावणीला उभे राहिले. काकांच्या सुनेला वाटलं, कोणी सरकारी माणूस शिक्षा म्हणून पाठवलाय. संध्याकाळी साहेब चिखलातच हसत सुटले. वाकून रोपं लावताना घाम कानामागून खाली यायचा, वायरीवरून घरंगळत डबीत शिरायचा, कारण वायर डबीत वरून जात होती. छत्रीला वर भोक ठेवलं तर काय होईल, तसंच ते. त्यांनी ते भोक खाली नेलं. वायर खाली वळून मग डबीत चढायची, घाम वळणावरच टपकून जायचा. बाकी काही बदललं नाही. काकांचं यंत्र पुढचे पावसाळे चाललं, आणि काकांनी साहेबांना वालाची एवढी गोणी दिली, की मला तीन महिने त्यातलेच वाल खावे लागले.

मी त्यांना एकदा म्हटलं, "साहेब, एवढ्याशा भोकासाठी तुम्ही चिखलात उतरलात? मी असतो तर काकांना इथं बोलावलं असतं."

"इथं बोलावलं असतं तर ते घामेजले नसते, धर्माशेठ. कपडे बदलून, केस विंचरून आले असते."

हळूहळू ते आठवड्यातून दोनदा शेडवर यायला लागले. रबर हे निमित्त. खरं काम होतं कानात बसणाऱ्या त्या तुकड्याचं. प्रत्येकाचा कान वेगळा, म्हणून कानाचा ठसा घ्यायचा, ठशावरून साचा करायचा आणि साच्यात तो तुकडा ओतायचा. त्यांच्या ओतीव तुकड्यांत बुडबुडे राहायचे. मी एक बघितला आणि म्हटलं, "हे काय, चाळण केलीय." मग मी त्यांना आमची पद्धत दाखवली. पहिला हात पातळ, ब्रशनं, फुंकर मारत मारत. तो चिकट झाला की दुसरा. ओतताना एका कोपऱ्यातून, धार केसाएवढी, मन लावून. माझ्या साच्यात गणपतीच्या नखावरची रेघ उतरते, कानाचं काय. साहेब पंधरा दिवस माझ्या कारागिरांच्या पंगतीत मांडी घालून शिकले. आणि कोणी आलं की सांगायचे, "हे माझे गुरुजी." चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला इंजिनीअरनं गुरुजी म्हटलं, की त्याला काय होतं ते मी इथं लिहीत नाही. त्या दिवसापासून मी त्यांना रबर फुकट द्यायला लागलो, आणि ते पैसे फळीवर ठेवून जायला लागले. त्यावरून आमची जी भांडणं झाली ती रामवाडीनं ऐकली आहेत.

आता माझ्या आयबद्दल सांगितलं पाहिजे.

माझी आय मिठागरावर राबलेली बाई. लहानपणापासून तिचे कान वाहायचे. मी पंचविशीचा होईपर्यंत उजवा कान गेला आणि डाव्यात थोडंसं उरलं. तिच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. मला लोक तापट म्हणतात, तो मी आहेच. पण माझा आवाज एवढा मोठा झाला तो आयशी बोलून बोलून. "जेवलीस?" हेही मी असं विचारायचो, की रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा.

त्यामुळे एक गोष्ट राहून गेली होती. मला तिला एकच विचारायचं होतं. शाळेतून मलाच का काढलंस? दादाला का नाय? लहान होतो तेव्हा विचारायची हिंमत नव्हती. हिंमत आली तेव्हा तिचे कान गेले होते. असला प्रश्न ओरडून विचारता येत नाही. ओरडलं की तो प्रश्न राहत नाही, आरोप होतो, आणि शेजारच्या चार घरांना कळतो. मी दोनतीनदा तिच्यासमोर बसून सुरुवात केली होती. ती म्हणायची, "काय? मोठ्यानं बोल." मग मी म्हणायचो, "काय नाय. पाऊस येईल बोलतोय." आय सत्तरीला आली होती. हा प्रश्न पोटात घेऊनच मी तिला पोचवणार, अशी मला भीती वाटायला लागली होती.

हे मी साहेबांना सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त म्हटलं, "माझ्या आयचं बघा." त्यांनी आधी तिला रोह्याच्या कानाच्या डॉक्टरकडे नेऊन आणली. डॉक्टर म्हणाले, डाव्या कानात जोर आहे, यंत्र चालेल. मग अडलं ते डबीपाशी. डबी करणाऱ्या सगळ्यांनी शर्टाचा खिसा धरला होता. माझ्या आयला खिसा कुठला? तिनं डबी कमरेला खोचली, तर लुगड्याची खरखर ऐकू यायला लागली. पदरात बांधली तर पदर वाऱ्यानं उडाला की वादळ आल्यासारखं वाटायचं. साहेब आठ दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. मग त्यांनी डबीला दोन कान काढले आणि ती काळ्या दोऱ्यात ओवून पोतीसारखी गळ्यात, लुगड्याच्या बाहेर लटकवली. आय आरशात बघून म्हणाली, "सोन्याची असती तर बरी झाली असती." पण काढली नाही.

खरं संकट शिट्टीचं होतं. कानातला तुकडा घट्ट बसला नाही, की कानातला आवाज बाहेर झिरपतो, फिरून डबीत शिरतो आणि यंत्र शिट्टी वाजवतं. आम्ही आयच्या कानाचा ठसा घेतला, मी स्वतः साचा केला. तुकडा असा उतरला, की मला तो कोणाला तरी दाखवत फिरावंसं वाटत होतं. कानात घातला, पोकळी राहिली नाही, शिट्टी नाही. साहेबांनी मागून टाळी वाजवली, आयनं मान वळवली. मला वाटलं, झालं. आयनं तोंड उघडलं, "कोण वाजवतंय रे..." आणि यंत्र असं किंचाळलं, की तिनं ते उपसून माझ्या मांडीवर टाकलं.

"ह्यात शिटी हाय," ती म्हणाली. "मला नको."

दुसरा तुकडा केला. तिसरा केला. गप्प बसली की ठीक, बोलायला लागली की शिट्टी. आणि आय गप्प बसणारी बाई नव्हे. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "धर्म्या, माजं वय झालं. आता मला शांत बहिरी मरू दे." मी साहेबांवर भडकलो. म्हटलं, तुमची डबी खोटी आहे. माझ्या साच्यात चूक निघणार नाही, आजवर कोणी काढली नाही. साहेबांनी वाद घातला नाही. ते आयच्या समोर स्टूल घेऊन बसले आणि तासभर तिच्या कानाकडे बघत राहिले. ती सुपारी चघळत होती. तिलाही त्यांच्याकडे बघायची मौज वाटत होती.

मग त्यांनी आपली करंगळी आपल्या कानात घातली आणि तोंडाचा आ केला. मिटलं. परत आ केला. "धर्माशेठ, घाला बोट."

मी घातलं. तोंड उघडलं. बोटाखाली कान हलला.

"आपण दोघांनी मूर्तीचा साचा घेतला," साहेब म्हणाले. "मूर्ती बोलत नाही."

मी खाली बसलो. आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण हेच, की साच्याखालची वस्तू हलता कामा नये. कारखान्यात ठसा घेताना कोणी शिंकलं तरी मी शिव्या घालतो. तीनही वेळा आयच्या कानात ठशाचा मसाला भरून मी तिच्यासमोर बोट उभं करून बसलो होतो, की हलू नको, बोलू नको, गिळूसुद्धा नको. तिचा मिटल्या तोंडाचा कान मी अगदी नखाच्या रेघेपर्यंत उतरवला होता. आणि तो कान तिला जन्मात कधी लागणार नव्हता.

"ठसा त्या बोलत असताना घ्यायचा," साहेब म्हणाले. "पाचसात मिनिटं सारखं तोंड चाललं पाहिजे."

हे ऐकायला सोपं आहे. साहेबांनी तिच्या डाव्या कानात मसाला भरला. उजवा कान गेलेलाच. आता तोफ उडाली तरी तिला ऐकू येणार नव्हती. साहेबांनी खुणेनं सांगितलं, बोला आजी. आय डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखी बसली. परक्या पुरुषासमोर उगाच बडबड करायची तिला लाज वाटली. मसाला आवळत चालला होता.

"धर्माशेठ, तुम्ही लोकांना बोलतं करता ना?" साहेब म्हणाले.

"साहेब, माझ्याशी लोक बोलत नाय. भांडतात."

"मग भांडा. पण लवकर."

मी आयच्या समोर उभा राहिलो. भांडायला विषय शोधावा लागला नाही. तो तीस वर्षं तयार होता. तिला काही ऐकू येत नाही हे माहीत असल्यामुळे मला कसलीच भीती राहिली नाही. मी बोलायला लागलो. दादाला शाळेत ठेवलंस. मला उन्हात उभा केलास. माझी अक्षरं त्याच्यापेक्षा चांगली होती. माझे हात मिठानं फाटले तेव्हा तो वहीला कव्हर घालत होता. सुलभा हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. वीस वर्षांच्या संसारात मी हे तिला कधी सांगितलं नव्हतं.

आयला शब्द कळत नव्हते, पण माझं तोंड तिला ओळखीचं होतं. तिचा पदर मागे सरला.

"आला परत तोच चेहरा," ती म्हणाली. "लग्नाच्या फोटोत पण असाच हाय. मी बघते नं, कोणावर ओरडतोस ते? बायकोवर ओरडतोस, कारागिरांवर ओरडतोस. काल त्या पाववाल्यावर ओरडलास, त्यानं काय केलं व्हतं? केस कापायचे नाय, वेळेवर जेवायचं नाय, शर्टाला बटण नाय. सुले, तू पण काय बघत नाय गो ह्याच्याकडं? आणि तो मागचा पत्रा गळतोय, तो कोण बघनार, हे साहेब?"

साहेब तिच्या जबड्याकडे बघत मला हातानं खूण करत होते, चालू द्या, चालू द्या. सात मिनिटं मी माझं बोललो आणि आय तिचं बोलली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. ठसा निघाला तेव्हा तो मला पसंत पडला नाही. वेडावाकडा, फुगीर. गणपतीचा असता तर फेकून दिला असता.

आठ दिवसांनी त्यावरून केलेला तुकडा घेऊन साहेब दुपारच्या गाडीनं आले. आयच्या कानात बसवला, डबीचं चाक हळूच फिरवलं. आय म्हणाली, "आता वाजेल." नाही वाजलं. ती म्हणाली, "थांब, आता वाजेल." नाही वाजलं. तिनं सुपारी तोंडात टाकली, चावली, जांभई दिली, मला दोन शिव्या दिल्या. काही वाजलं नाही. साहेबांनी सुलभाला भिंतीआड उभं केलं आणि नेहमीच्या आवाजात बोलायला सांगितलं. सुलभा म्हणाली, "आत्या, चाय ठेवू काय?"

"ठेव की. साखर बेतानं टाकतेस ती नको. आज बरी टाक."

सुलभा चहा ठेवायला गेली ती डोळे पुसत. साहेबांचे कानही लाल झाले होते, त्यांना आनंद झाला की तसे होत. ते मला म्हणाले, "धर्माशेठ, मागच्या वेळी जे बोललात, ते आता बोला."

"सगळं?"

"जेवढं विचारायचं राहिलंय तेवढं. पण हळू. मला हळू आवाजाची तपासणी करायचीय."

एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं. मी आयजवळ खाली बसलो. म्हटलं, "आये."

आयनं मान एकदम वर केली. "असा आवाज हाय तुजा?" ती म्हणाली. "मला वाटायचं तू कायमचा चिडलेला हायस."

मग मी विचारलं. मला शाळेतून का काढलंस, दादाला का नाय. हळू विचारलं. चहाच्या भांड्याचा आवाज माझ्या आवाजापेक्षा मोठा होता.

आयनं सुपारी गालात सरकवली. "मी काढलं?" ती म्हणाली. "तुला मी काढलं शाळेतून? गुरुजींनी हातावर छडी मारली म्हणून तू तीन दिवस मिठागराच्या बांधाआड लपून बसलास. तीन वेळा मी तुला कान धरून शाळेत सोडला, तीन वेळा तू कुडाखालून पळालास. चवथ्या दिवशी मला येऊन बोलतोस, आये, मला शाळेत धाडू नको, मी दादाच्या वाटणीचं पण मीठ वाहीन. पण रोज सकाळी भाकरीबरोबर सुकट पायजे. नुसती भाकरी चालनार नाय. दहा वर्षांचा व्हतास. मी म्हटलं एक दिवसाआड देईन. तू म्हटलास, रोज. माज्यापाशी कुठून आली रोज सुकट? शेजारनीकडून उसनी आनून दिली तुला."

माझ्या जिभेवर त्या सुकटीची चव आली. तव्यावर भाजलेली, वर कच्चा कांदा. रोज सकाळी ती माझ्या भाकरीवर असायची, हे मला स्वच्छ आठवत होतं. फक्त मी आजवर समजत आलो होतो, की शाळेतून काढल्याचं आयला वाईट वाटतं, म्हणून ती मला सुकट देते. ती खाताना मी तिला मनातून थोडी माफही करायचो.

"अजून जायचं हाय काय शाळेत?" आय म्हणाली. "चल, उद्या सोडते."

आधी सुलभा हसली. मग साहेब हसले. ते हसताना आवाज करत नसत, नुसते हलत. मी हसलो नाही. मी म्हटलं, हे खोटं आहे, मी मधूला विचारणार. त्याच रविवारी रोह्याला गेलो. किती वर्षांनी भावाच्या दारात उभा राहिलो. त्याला सगळं सांगितलं. मधूनं चष्मा काढला आणि म्हणाला, "सुकट आठवते ना मला. मी तिथंच बसून नुसती भाकरी खायचो. तुला रोज सुकट आणि मला मीठ-मिरची. म्हटलं, आयचा जीव ह्याच्यावरच हाय. अजून राग हाय मला त्याचा."

त्या दिवशी मी त्याच्याकडे जेवलो. वहिनींनी मुद्दाम सुकट केली होती. दोघा भावांना सारखी वाढली, तरी मधू माझ्या ताटाकडे बघत होता.

साहेबांना मी नंतर म्हटलं, "तीस वर्षांची माझी तक्रार तुम्ही घालवलीत. आता मी कोणावर करू? स्वतःवर केली तर भाव मिळत नाय."

ते म्हणाले, "यंत्राचं काम ऐकू येईपर्यंत, धर्माशेठ. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं."

आय त्यानंतर सहासात वर्षं यंत्र घालून शेडवर येऊन बसायची. तिनं माझा धंदा जवळजवळ बुडवला. मी गिऱ्हाइकाला भाव सांगितला, की मागून आवाज यायचा, "काल दुसऱ्याला कमी सांगितलास रे धर्म्या." गिऱ्हाइकं तिला आधी नमस्कार करून मग माझ्याशी बोलायला लागली. पेणमधल्या इतर म्हाताऱ्याही तिचं बघून आल्या. साहेब ठसा घ्यायचे आणि मी समोर उभा राहून भांडायचो. कोणाशी सुनेवरून, कोणाशी रेशनवरून. एक बाई कशावरूनच भांडेना, तर साहेब म्हणाले, "ह्यांना तुमचा भाव सांगा." लगेच जमलं. तोंड उघडं ठेवायला लाकडाची पट्टी वापरली तरी चालतं, हे त्यांना माहीत होतं. पण ते म्हणायचे, "पट्टी काय, कोणालाही मिळते."

साहेब गेले ते फार न रेंगाळता. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी रोह्याहून मधूचा फोन आला. मी गेलो. मागच्या खोलीत लेथवर फडकं टाकलेलं होतं, फळीवर दहाबारा कान ओळीनं ठेवलेले होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नव्हतं. 'खांब गावचे भाताचे व्यापारी, फार हसतात', 'कोलाडच्या बाई, पानाचा तोबरा उजवीकडे', असं लिहिलेलं. मी त्या सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. सगळं उरकून मी दुपारच्या पॅसेंजरनं पेणला आलो.

आय ओट्यावर वाल सोलत बसली होती. डबी गळ्यात होती. सुलभा दारात आली, माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं, आणि ती आयकडे बघायला लागली, की आता हिला कोण सांगणार. पूर्वी असलं काही सांगायचं म्हणजे आधी दारं-खिडक्या लावाव्या लागत, मग ओरडावं लागे, ती "काय? कोण?" म्हणे, मग परत ओरडावं लागे, आणि चौथ्यांदा ओरडून सांगेपर्यंत आपल्यालाच त्या शब्दांची शिसारी येई.

मी आयच्या शेजारी बसलो. तिच्या सुपातल्या चार शेंगा घेतल्या, सोलल्या. मग तिला सांगितलं, "आये, साहेब गेले." हळू सांगितलं. एकदाच सांगावं लागलं.